ओल नेमकी कुठून? नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका घराच्या प्रकल्प नोंदी

घर: तळमजला आणि वर एक मजला. आरसीसी सांगाडा, बाहेरच्या भिंती ९ इंची, आतल्या साडेचार इंची. बांधकाम साधारण तीस वर्षांपूर्वीचं, जोतं काळ्या दगडाचं, खाली काळी माती. पश्चिमेला मोकळा प्लॉट, त्यामुळे पावसाचा मारा थेट भिंतीवर. खालचं बाथरूम सहा वर्षांपूर्वी नवं केलेलं, पाण्याच्या लाइनी तेव्हाच सीपीव्हीसीच्या (प्लॅस्टिक पाइपच्या) झाल्या. गेल्या दोन वर्षांत ओलीच्या जागी आतून दोनदा ‘वॉटरप्रूफ’ रंग लावून झाला आहे. दोन्ही वेळा पावसाळ्यातच पोपडे सुटले.

११ जुलै

आज छिन्नी-हातोडा बाहेर काढला नाही. फक्त पाहणी, आखणी आणि मोजणी.

ओलीच्या चार जागा, त्यांना क्रमांक दिले.
ओ-१: हॉलची पश्चिम भिंत, फरशीपासून सुमारे ८० सेंमीपर्यंत. वरच्या कडेला पांढरा लोणा (भिंतीतून फुललेले क्षार), गिलावा हाताने खरवडला तर भुगा होतो.
ओ-२: खालच्या बेडरूमची बाथरूमला लागून असलेली भिंत. स्कर्टिंगच्या वर ४० सेंमी, रंगाला फुगे.
ओ-३: वरच्या पश्चिमेकडच्या खोलीत भिंत आणि स्लॅब मिळतात तो कोपरा. पिवळट कड असलेला डाग.
ओ-४: वरच्या उत्तरेकडच्या खोलीत कपाटामागे काळी बुरशी. हात लावला तर भिंत गार, पण गिलावा टणक, लोणा अजिबात नाही.

प्रत्येक डागाची कड पेन्सिलने आखून शेजारी तारीख आणि वेळ लिहिली. बिनखर्चाचं काम आहे, पण पुढच्या दोन महिन्यांत सर्वात जास्त उपयोग याच रेघांचा होणार. डाग वाढला की नुसता गडद झाला, हे आठवणीवर सोडलं तर घरातली चार माणसं चार उत्तरं देतात.

पिनचा मॉइश्चर मीटर लावून उभ्या रांगेत वाचनं घेतली. हा मीटर लाकडासाठी बनवलेला असतो, गिलाव्यावर त्याचा आकडा म्हणजे ओलीची टक्केवारी नव्हे. म्हणून आधी जिन्याजवळच्या कोरड्या आतल्या भिंतीवर वाचन घेतलं: ९. बाकी सगळे आकडे या ९ च्या तुलनेतच वाचायचे. ओ-१ वर १० सेंमीला ३८, ५० ला ३१, ८० ला २७, १०० सेंमीला एकदम १२. ओ-१ पुढे तात्पुरतं लिहिलं: जमिनीतून चढणारी ओल.

घरातल्या ताईंना एक कागद दिला, तो फ्रिजवर लावला. रोज पाऊस किती (गच्चीवर सरळ कडांचा डबा ठेवला आहे, पट्टीने मिलिमीटर मोजायचे), वारा होता का, बाथरूम किती वेळा वापरलं, कपडे कुठे वाळत घातले आणि कोणता डाग कधी गडद झाला. ओलीचं मूळ बहुतेक वेळा या वेळापत्रकातच सापडतं. पावसाबरोबर हलणारा डाग, आंघोळीबरोबर हलणारा डाग आणि कशानेच न हलणारा डाग, तिघांचा शोध तीन वेगळ्या जागी घ्यायचा असतो.

१३ जुलै

पाण्याच्या लाइनी आधी तपासल्या. त्या निर्दोष ठरल्या तर पुढच्या प्रत्येक चाचणीतला एक संशय कमी होतो.

महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं आणि टाकीत साठतं. पाण्याचा मीटर टाकीच्या अलीकडे, त्यामुळे घरातली गळती तो दाखवू शकत नाही. म्हणून टाकीच मोजपात्र केली. गोल टाकी, आतला व्यास १.१ मीटर, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की साधारण साडेनऊ लिटर गेले. रात्री साडेदहाला सगळे नळ बंद, पंप बंद, पातळीला खूण. सकाळी सहाला ४ मिमी उतार, म्हणजे जवळपास ३.८ लिटर.

लगेच भिंत फोडायची नाही. वरच्या संडासाच्या फ्लशटाकीत खाण्याचा लाल रंग टाकला, फ्लश न करता अर्धा तास थांबलो, कमोडमधलं पाणी लालसर झालं. फ्लशचा वॉशर गळत होता. त्याचा अँगल कॉक (टाकीकडे जाणारं पाणी तोडणारी तोटी) बंद ठेवून दुसऱ्या रात्री तीच चाचणी केली, उतार शून्य.

टाकीच्या उंचीचा दाब मात्र खालच्या मजल्यावर जेमतेम ०.६ किलो प्रति चौ. सेंमी. बारीक चीर एवढ्या दाबाला गप्प राहू शकते. म्हणून प्लंबरकडून हातपंपाने दाबचाचणी करून घेतली. गीझर काढून बायपास, सगळ्या पॉइंटना प्लग, थंड आणि गरम लाइन वेगवेगळी. शेवटच्या पॉइंटमधून हवा पूर्ण काढूनच दाब ५ किलोवर नेला. पहिल्या दहा मिनिटांत काटा थोडा खाली येतोच, पाइप किंचित ताणतो आणि उरलेली हवा दबते. पुन्हा ५ वर नेऊन तासभर ठेवला. दोन्ही लाइनींचा काटा हलला नाही. लाइनी संशयातून सुटल्या.

१५ ते १७ जुलै, ओ-२

बाथरूमचा ओला भाग १.८ बाय १.२ मीटर, २.१६ चौ. मीटर. इथे १ मिमी पाणी म्हणजे २.१६ लिटर.

नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडात) रबरी टेस्ट प्लग आवळला, उंबऱ्याशी ओल्या मातीचा बांध घातला आणि २५ मिमी पाणी भरलं, सुमारे ५४ लिटर. त्यात चिमूटभर फ्लुरोसिन (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग). शेजारी उथळ थाळ्यात तेवढ्याच खोलीचं पाणी ठेवलं. हा थाळा विसरला तर चाचणीला अर्थ नाही, कारण वाफेने किती गेलं ते कळतच नाही.

२४ तासांनी थाळ्यात १ मिमी उतार, फरशीवर ९ मिमी. फरक ८ मिमी, म्हणजे सव्वासतरा लिटर भिंतीत किंवा फरशीखाली गेले. बेडरूमकडून मीटरचं वाचन २४ वरून ४१. भिंतीवर रंग दिसला नाही, तो दिसेल अशी अपेक्षाही नव्हती. गिलाव्यातून झिरपताना रंग विरळ होतो. स्कर्टिंगची एक टाइल काढून खोली अंधारी केली आणि अतिनील टॉर्च मारली. टाइलमागचा मसाला हिरवा चमकला. सिमेंटच्या अल्कलीत फ्लुरोसिन जास्त चमकतं, म्हणून या कामाला तेच बरं. पोटॅशियम परमँगनेट वापरू नये, डाग सहजी जात नाहीत.

अजून एक प्रश्न उरला: गळती फरशीच्या कडेला की ट्रॅपच्या जोडाला? प्लग लावल्यावर ट्रॅपच्या आतला भाग चाचणीतून बाहेर राहतो. २२ तारखेपर्यंत बाथरूम बंद ठेवून पंख्याने वाळवायचं ठरलं.

२० जुलैपासून, ओ-३

फ्रिजवरच्या कागदाने आज काम सोपं केलं. १८ तारखेला ४१ मिमी पाऊस, वारा नाही, डाग जागच्या जागी. १९ ला फक्त १८ मिमी, पण पश्चिमेचा जोरदार वारा, आणि डागाची कड पेन्सिलच्या रेघेच्या ६ सेंमी पुढे. गच्ची गळत असती तर उलटं दिसलं असतं. संशय गच्चीवरून पश्चिमेच्या भिंतीवर आला.

तरीही गच्ची कागदावर निर्दोष ठरवलेली बरी. पावसाने उघडीप दिली तशी पाण्याची तोंडं बंद करून ५ सेंमी पाणी ४८ तास साठवलं. पाच सेंमी म्हणजे दर चौ. मीटरला ५० किलोचा भार. जुन्या स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जड थर) आधीच असतो, तेव्हा यापेक्षा जास्त पाणी भरू नये. वाचन सुरुवातीला १५, शेवटी १४. गच्ची सुटली.

२२ जुलै

बाथरूम कोरडं. नरसाळ्याला पाइप जोडून, फरशी न भिजवता, २० लिटर पाणी सरळ ट्रॅपच्या तोंडात सोडलं. सहा तासांनी बेडरूमच्या भिंतीत काहीच बदल नाही. ट्रॅप आणि खालचा पाइप निर्दोष. गळती फरशी आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात. नूतनीकरणात जुना थर तोडून नवी टाइल थेट मसाल्यावर बसवली असणार, कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा थर वर चढवलेला नाही. टाइल आणि ग्राउट पाणी अडवतात असं गृहीत धरणं ही फार रुळलेली चूक आहे. पाणी अडवायचं ते खालच्या थराने.

२५ जुलै, ओ-३ फवारा चाचणी

चार कोरडे दिवस मिळाले, म्हणून आजच उरकली. बागेच्या नळीला शॉवरचं तोंड, दाब हलका. जोराची धार नको, ती पावसात कधीच न घुसणाऱ्या जागीही पाणी घुसवते.

खालून वर जायचं. वरून सुरू केलं तर पाणी ओघळून खालचे सगळे सांधे भिजवतं आणि कुठून आत गेलं ते सांगता येत नाही. प्रत्येक टप्पा २० मिनिटं, आत एक माणूस मीटर घेऊन.

खिडकीची सिल: १४.
खिडकीच्या दोन्ही बाजू: १४.
छज्ज्याचा माथा आणि भिंतीचा सांधा: १५.
तुळईचा तळ आणि विटेच्या कामाची आडवी रेघ: बारा मिनिटांनी १९, विसाव्या मिनिटाला २६. पाणी चालूच ठेवलं, ३५ व्या मिनिटाला ३३ आणि डाग डोळ्यांना दिसला.

पॅरापेटपर्यंत (गच्चीच्या कठड्यापर्यंत) गेलोच नाही. जागा सापडल्यावर वरचा टप्पा भिजवून चित्र गढूळ करण्यात अर्थ नव्हता.

रेघ जवळून पाहिली. चीर जेमतेम अर्धा मिलिमीटर, पण तुळईच्या पूर्ण लांबीत सरळ. काँक्रीट आणि वीट उन्हात सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. गिलावा करताना या सांध्यावर जाळी मारली नाही की गिलावा तिथेच फाटतो. एवढी बारीक चीर पाणी शोषून घेते आणि वारा ते आत रेटतो. वर केलेला रंग नवा होता, म्हणून दोन वर्षं कुणाला शंका आली नाही.

२ ऑगस्ट, ओ-४

४५ बाय ४५ सेंमी पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा कपाटामागे भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवला, तसाच दुसरा ओ-१ वर. १६ तासांनी ओ-१ वर थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला होते: पाणी भिंतीतून येतं आहे. ओ-४ वर आतली बाजू कोरडी, खोलीकडच्या बाजूला दव. भिंत पाणी देत नाही, हवेतलं पाणी भिंतीवर बसतं.

पहाटे पाचची मोजणी: खोलीत २५ अंश, आर्द्रता ८८ टक्के. या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला तिच्यातलं पाणी दव होऊन बसतं) सुमारे २२.९ अंश. कपाटामागची भिंत २२.४, कपाट नसलेली शेजारची भिंत २३.६. कपाट भिंतीला चिकटलेलं, त्यामुळे खोलीची ऊब तिथे पोचत नाही आणि तेवढाच पट्टा दवबिंदूच्या खाली जातो. बुरशीला प्रत्यक्ष थेंबही लागत नाहीत. भिंतीलगतची हवा बरेच दिवस ८० टक्क्यांच्या वर राहिली की पुरे.

एवढं पाणी हवेत येतं कुठून? या खोलीत पावसाळाभर कपडे वाळत घालतात. दोरीवर घालताना कपडे ७.२ किलो, वाळल्यावर ४.९. सव्वादोन लिटरहून जास्त पाणी बंद खोलीत.

पावसाळ्यात बाहेरच दमट, खिडकी उघडून काय उपयोग, असा प्रश्न घरातून आला. रास्त आहे, म्हणून मोजून पाहिलं. त्याच पहाटे बाहेरच्या हवेचा दवबिंदू २१ अंश होता, आतल्यापेक्षा जवळपास दोनने कमी. खिडकी उघडून फायदा होतो. दोन्हीकडचे आकडे घेऊनच हे ठरवावं, नुसत्या आर्द्रतेच्या टक्केवारीवर नाही.

९ ऑगस्ट, ओ-१

११ जुलैला लिहिलेलं ‘जमिनीतून चढणारी ओल’ आज खोडलं. कारण साधं आहे. आतल्या भिंतीही त्याच मातीवर उभ्या आहेत आणि त्या स्कर्टिंगपर्यंत कोरड्या आहेत. जोत्यावरचा ओलप्रतिबंधक थर निकामी झाला असता तर त्यांनाही थोडीफार ओल चढली असती. आधीच्या कंत्राटदाराने पूर्ण भिंतीला भोकं पाडून रसायन भरायचं सुचवलं होतं. बाहेरून येणाऱ्या पाण्यापुढे त्याचा उपयोग झाला नसता.

मीटरच्या आकड्यांवर भरवसा ठेवणंही इथे धोक्याचं. क्षारांमुळे वीज जास्त वाहते आणि कोरडी भिंतसुद्धा ओली दिसते. म्हणून भुगा काढून वजन केलं. १० मिमी बिट, ड्रिल अगदी सावकाश, कारण बिट तापलं की भुगा तिथेच वाळतो. पहिला दीड-दोन सेंमी, म्हणजे गिलाव्याचा भुगा, वेगळ्या डबीत. त्यापुढे १० सेंमी खोलीपर्यंतचा विटेचा भुगा घट्ट झाकणाच्या डबीत. वजनकाटा ०.०१ ग्रॅमचा. १०५ अंशाला वजन स्थिर होईपर्यंत वाळवला. (पीओपी किंवा जिप्समचा गिलावा असेल तर १०५ अंश चालत नाही, जिप्सममधलं बांधलेलं पाणीही उडतं. तिथे ४० ते ४५ अंश ठेवून जास्त वेळ द्यावा.)

२० सेंमी उंचीवरची वीट: ओला भुगा ४२.६० ग्रॅम, वाळल्यावर ३९.८०. फरक २.८०, कोरड्या वजनाच्या ७ टक्के. ६० सेंमीला ५.२ टक्के, १२० सेंमीला १ टक्का. पाणी खरंच आहे, नुसते क्षार नाहीत.

क्षार किती, तेही पाहिलं. ७५ सेंमीवरचा वाळवलेला गिलाव्याचा भुगा बंद डब्यात ठेवला, तळाशी मिठाचं संपृक्त पाणी. मीठ तळाशी न विरघळता उरलेलं दिसलं पाहिजे, मग डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. तीन दिवसांनी भुग्याचं वजन २.८ टक्क्यांनी वाढलं. याचा अर्थ पाणी बंद केलं तरी हा गिलावा प्रत्येक पावसाळ्यात हवेतून ओल ओढत राहील. तो काढावाच लागणार, वरून कितीही रंग लावा.

मग बाहेर गेलो. भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा, त्याची माती ओलप्रतिबंधक थराच्या ३० सेंमी वर. घर बांधलं तेव्हा वाफा नव्हता. मातीने थर ओलांडून पाण्याला पूल बांधून दिला. शेजारी गच्चीचा पावसाचा पाइप वाफ्यातच उघडा. गच्ची ६० चौ. मीटर, तिचं निम्मं पाणी या पाइपला. १० मिमी पाऊस पडला तरी ३०० लिटर पाणी भिंतीच्या पायाशी. त्यातच काळी माती उन्हाळ्यात आकसल्याने जोतं आणि फरसबंदी यांत १२ मिमीची फट, आणि फरसबंदीचा उतार घराकडे.

२० ऑगस्ट

भर पावसात गिलावा किंवा बाथरूमचं मोठं काम काढायचं नाही. फक्त पाणी तोडायचं. पावसाच्या पाइपला एल्बो आणि ३ मीटर पाइप जोडून पाणी गटारीकडे वळवलं. वाफ्याची माती काढून थराच्या १५ सेंमी खाली नेली. ओ-४ चं कपाट भिंतीपासून १० सेंमी पुढे, कपडे मागच्या व्हरांड्यात, खोलीला एक्झॉस्ट पंखा. बुरशी मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसली. कोरड्या ब्रशने घासली तर बीजाणू घरभर उडतात. ओ-३ च्या चिरेवर तात्पुरती ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी).

१० ते १६ ऑक्टोबर

पाऊस सरला, हवा कोरडी. मुख्य कामं.

ओ-३: चीर इंग्रजी व्ही आकारात १० मिमी रुंद, ८ मिमी खोल उघडली, ब्रशने साफ केली, पॉलियुरेथेन सीलंट (लवचिक राहणारं भरण) भरलं. सांध्याच्या वर-खाली १५ सेंमी जुना गिलावा काढून ३० सेंमी रुंद फायबर जाळी आणि पॉलिमर मसाला. शेवटी इलास्टोमेरिक (रबरासारखा ताणणारा) रंग. गवंडीकाकांनी फक्त सिमेंट भरून द्यायचं म्हटलं होतं. सांधा दर उन्हाळ्यात हलतो, ताठर मसाला पुन्हा फाटला असता.

ओ-२: ओल्या भागाची फरशी आणि भिंतीच्या खालच्या दोन टाइल काढल्या. कोपऱ्यात मसाल्याचा वाटा (गोलसर भराव), त्यावर फायबर जाळी. मग सिमेंट-पॉलिमर लेपाचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर ३० सेंमी चढवून आणि ट्रॅपच्या कडेत उतरवून. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर दिलेलंच घ्यायचं. गवंडी ब्रश सहज फिरावा म्हणून वरून पाणी घालतात, तिथेच लेप कमजोर होतो. टाइल बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून, शेजारी थाळा ठेवून तपासलं: दोन्हीकडे २ मिमी. टाइलचा उतार ट्रॅपकडे ८० ला १.

ओ-१: बाहेर ७५ सेंमी रुंद नवी फरसबंदी, उतार बाहेरच्या बाजूला ५० ला १, जोत्याशी सांध्यात सीलंट. आत क्षारांच्या रेघेच्या ४० सेंमी वरपर्यंत, म्हणजे १२० सेंमी, गिलावा विटेपर्यंत काढला. क्षार कोरड्या ब्रशने झाडून पोत्यात भरले. भिंत धुतली नाही, धुतलं की क्षार विरघळून पुन्हा विटेत शिरतात.

भिंत उघडीच ठेवायची. हॉलमध्ये ते वाईट दिसतं आणि दिवाळी तोंडावर आहे हे खरं, पण आज गिलावा केला तर ओल आत कोंडून वर सरकेल. घरातल्यांनी मान्य केलं, भिंतीपुढे थोडं अंतर राखून पडदा लावला.

१८ डिसेंबर

ओ-२ चं वाचन ११, ओ-३ चं १०. ओ-३ ची खरी परीक्षा जूननंतरच्या वाऱ्या-पावसात, तोवर पेन्सिलची रेघ पुसायची नाही, खोली रंगवायची नाही.

ओ-४: थंडीत रात्रीचं तापमान बरंच उतरलं असूनही कपाटामागे दव नाही. हवा कोरडी आहे. बुरशी परतलेली नाही.

ओ-१: भुग्याचं वजन पुन्हा केलं. २० सेंमीला ७ वरून ४.१ टक्के, ६० सेंमीला २.३. इंचाला साधारण एक महिना हा वाळण्याचा ढोबळ हिशोब ९ इंची भिंतीला धरला तर अजून बराच वेळ आहे, नाशिकची कोरडी थंडी थोडी मदत करते एवढंच. २० सेंमीचा आकडा २ टक्क्यांच्या खाली आल्यावर १:१:६ सिमेंट, चुना, वाळूचा गिलावा करायचा. १:३ चा कडक गिलावा नको, पुट्टी नको, ऑइलपेंट नको. विटेत नव्याने उमललेला लोणा आज पुन्हा कोरड्या ब्रशने झाडला, साधारण मूठभर निघाला. पुढचं वजन १५ जानेवारीला, त्याच भोकांशेजारी ५ सेंमीवर नवी भोकं पाडून.